दहा वाजेपर्यंतच्या बाई

सकाळी दहाच्या सुमाराला आपल्या नगर जिल्ह्यात सगळ्यात जास्त फोन कुणाला येत असतील, तर ते कलेक्टरसाहेबांना नाहीत, कुठल्या आमदाराला नाहीत आणि साखर कारखान्याच्या चेअरमनलाही नाहीत. ते येतात आमच्या बाईंना. आणि आलेल्यातला एकही त्या उचलत नाहीत. पूर्वी त्या एसटीनं कुठं निघाल्या असल्या, की पावणेदहाला त्यांची कापडी पिशवी कुरकुरायला लागायची. दोन रिंगा वाजायच्या, बाई पिशवीत हात घालून फोन कापायच्या, बाहेर शेतं बघत बसायच्या, तेवढ्यात पुन्हा दोन रिंगा, पुन्हा कापला. हे सव्वादहापर्यंत चालायचं. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याला वाटलं, बाईंचं घरी कुणाशी तरी जोरात बिनसलंय. त्यानं तिसगाव येईपर्यंत कळ काढली आणि मग समजुतीनं सांगितलं, की ताई, एकदा उचला आणि काय असंल ते मिटवून टाका. बाईंनी त्यालाही मान डोलावली आणि पुढचा फोन कापला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की वाजणारा प्रत्येक फोन म्हणजे एकेक दारू सोडलेला माणूस होता आणि न बोलता एवढंच सांगत होता, की कालच्या दहापासून आजच्या दहापर्यंत मी घेतलेली नाही.

त्यातला एक फोन माझा असतो. मी शेवगावात केस कापतो. तीस वर्षं झाली. त्यामुळं माणूस समोर आला की माझी नजर आधी त्याच्या डोक्यावर जाते, मग दाढीवर, आणि नाव-गाव-कामधंदा हे सगळं त्याच्यानंतर. या हिशेबानं बाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझ्या धंद्याचा अपमान होता. बाई आपले केस आपणच कापतात, आणि ज्या कात्रीनं दुधाची पिशवी कापतात त्याच कात्रीनं कापतात. डावी बाजू उजवीपेक्षा चांगली दोन बोटं आखूड. मागून बघितलं तर शेळी चरून गेलेल्या कुंपणासारखं दिसायचं. खाली इस्त्रीची सुती साडी, आणि साडीच्या खाली पीटीचे पांढरे बूट. वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं, अंगकाठी लहान, चालणं मात्र असं की बरोबरच्या माणसाला धावावं लागावं. मूळच्या बेलापूरच्या, शिक्षण पुण्यात, त्यामुळं बोलणं अर्धं शेतावरचं आणि अर्धं कॉलेजातलं. शेवगावहून दोन एसट्या बदलून जावं लागतं त्या नगर रोडच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्या समुपदेशक होत्या. तशी पाटी दारावर होती. पण केंद्रात त्यांना कुणी मॅडम म्हटलेलं मी ऐकलं नाही. शाळेत असतात तशा त्या नुसत्या बाई होत्या.

मी तिथं कसा पोचलो ते सांगायला लाज वाटते, पण बाईंची गोष्ट सांगायची तर ते गिळून चालणार नाही. माझे हात सकाळी थरथरायचे. हात थांबावेत म्हणून मी घ्यायचो, आणि घेतल्यावर ते खरंच थांबायचे. मग न घेता थांबेनासे झाले. मंगल, माझी बायको, रोज सकाळी माझ्याकडं बघायची आणि चहा समोर सरकवायची. अशात जवळच्याच एका वाडीतलं लग्न आलं. आमच्या घराण्याचं पिढीजात गिऱ्हाईक. माझ्या वडिलांनी त्या नवरदेवाचं जावळ काढलेलं, म्हणून लग्नाच्या सकाळची दाढीही आमच्याच वस्तऱ्यानं व्हायची. मी हात थांबवूनच गेलो होतो. बहुतेक जरा जास्तच थांबवला असावा. नवरदेवाच्या उजव्या गालावर बोटभर लांब वार झाला. तुरटी लावली, हळद दाबली, शेवटी डॉक्टरकडून पट्टी आणली. फोटोग्राफर हुशार निघाला, त्यानं सगळे फोटो डाव्या बाजूनं काढले. त्यामुळं त्या अल्बममध्ये नवरदेव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मंडपाच्या खांबाकडं बघतोय आणि नवरी एकटीच समोर बघतीये. दुसऱ्या दिवसापासून माझी खुर्ची रिकामी झाली. गिऱ्हाइकं दुकानावरून जाताना गळ्याला हात लावून जायची. आमच्या भागात दाढी वाढवायची फॅशन आली ती त्याच वर्षी, आणि ती माझ्यामुळं आली असा माझा दावा आहे.

केंद्रात मला मंगल आणि माझा मेहुणा घेऊन गेले. बरोबर धाकटी पोरगी होती, आणि ती कशाला होती हे मला माहीत होतं. बाईंच्या समोर खुर्चीवर बसलो न बसलो तोच मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज काढून म्हणालो, की हिची शपथ, आजपासून कायमची बंद. ही माझी सातवी शपथ होती. त्याआधी खंडोबाचा भंडारा उचलून झाला होता, भाकरीवर हात ठेवून झाला होता, गळ्यात माळ घालून झाली होती आणि ती काढूनही झाली होती. त्यामुळं शपथ घेताना माझा आवाज चांगला सरावलेला होता. मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई मात्र भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. समोर माणूस काहीही सांगत असो, त्यांच्या हाताला शेंगा लागायच्याच. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे पोरीच्या हातावर ठेवले आणि मला म्हणाल्या, "तो हात काढा दिगंबरराव, तिची वेणी विस्कटतीये." मी हात काढला. मग त्या म्हणाल्या, "कायमचं मला नको. ठेवायला जागा नाही माझ्याकडं. उद्या सकाळी दहापर्यंत जमंल का, तेवढं सांगा."

मी माझ्या आयुष्यात असा अपमान करून घेतला नव्हता. मी अख्खा जन्म द्यायला निघालो होतो आणि ही बाई एक दिवससुद्धा पुरता घ्यायला तयार नव्हती. रागानंच म्हणालो, जमंल. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. पुढं पाहिलं तर शपथेचं त्यांना वावडंच होतं. कुणी आईची शपथ घ्यायला लागला की त्या म्हणायच्या, आईला कशाला मधे घालताय, तिला तिची कामं आहेत.

केंद्रातले पहिले काही दिवस डॉक्टरांचे होते. घाम, ताप, उलट्या, नको नको ते भास, सगळं त्यांच्या औषधांनी आणि सलाईननी निभावलं. या दिवसांत बाई नुसत्या येऊन खाटेजवळ बसायच्या. आधी डॉक्टर, मग मी, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि कुणी नातेवाईक घरच्या घरी सोडवतो म्हणाला तर त्याला त्या चांगल्या फैलावर घ्यायच्या. पण रोग्याला उपदेश? तो मात्र एका शब्दानं नाही. हॉलमध्ये दारूनं खराब झालेल्या लिव्हरचं हे भलंमोठं रंगीत चित्र टांगलेलं होतं. बाईंनी त्याच्यावर टॉवेल वाळत घातला होता. सकाळी सकाळी चहाबरोबर हे कुणाला बघवतं, असं त्या म्हणाल्या. पाहुणे साहेब यायचे तेव्हा टॉवेल निघायचा, साहेब गेले की परत चढायचा.

आणि थापा ऐकाव्यात तर बाईंनीच. दारू पिणाऱ्या माणसाइतकी रसरशीत थाप कुणी मारत नाही, हे मी स्वानुभवानं सांगतो. आमच्यात शेवगावच्या पलीकडचा एक ऊसतोडीवाला होता. दसरा झाला की बायकोसंगं कोयता घेऊन कारखान्यावर जाणारा. याची एक मावशी होती, आणि सुट्टी पाहिजे असली की तो तिला मारायचा. तिसऱ्यांदा मावशी वारली तेव्हा बाईंनी कामं बाजूला ठेवली, शेंगांची परात पुढं ओढली आणि विचारायला सुरुवात केली. कशानं गेली, शेवटचं कुणाशी बोलली, माती कुठं दिली, खांदा कुणी दिला, दहाव्याला काय स्वैपाक ठरलाय. तो बिचारा सांगत गेला. अर्ध्या तासात त्याला घाम फुटला, कारण बाईंना मावशीच्या आधीच्या दोन मरणांतलं सगळं आठवत होतं, आणि त्या रागावत नव्हत्या, मन लावून ऐकत होत्या. शेवटी तो म्हणाला, "बाई, मावशी जित्ती हाय. मलाच लई तल्लफ आलीया." बाई म्हणाल्या, हे पहिल्यांदाच सांगितलं असतं तर मावशीचे हाल वाचले असते. मग त्या त्याला घेऊन केंद्राच्या आवारात फिरत राहिल्या, तल्लफ ओसरेपर्यंत, एक तास. आम्ही खिडकीतून बघत होतो. तो उंचापुरा गडी आणि त्याच्या खांद्याला न लागणाऱ्या त्या बाई, पांढरे बूट वाजवत.

चहाचीही त्यांची एक तऱ्हा होती. सकाळचा चहा आपला आपण स्वैपाकघरातून आणायचा, आणि कप काठोकाठ भरायचा. एवढा की साय काठाच्या वर फुगून यावी. तो कपबशी धरून व्हरांड्यापर्यंत आणायचा आणि बाईंना बशी दाखवायची. पहिल्या दिवशी माझा सगळा चहा बशीत आणि कपात फक्त साय. बाईंनी बशीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, बशीनंच प्या, तसाही गार करूनच पितात. दुसऱ्या दिवशी अर्धा. असे बारा-तेरा दिवस गेले, आणि एका सकाळी मी व्हरांड्यात आलो तर बशी कोरडी होती. मी ती बाईंना दाखवली. मग उलटी करून दाखवली. मग सगळ्यांना दाखवत हिंडलो. माझी स्वतःची पोरं चालायला लागली तेव्हाही मी इतका हिंडलो नव्हतो. बाई नुसत्या म्हणाल्या, "चहा गार होतोय."

त्याच दिवशी दुपारी मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडिलांनी मला दाढी शिकवली ती फुग्यावर. फुगा फुगवायचा, त्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो फेस उतरवायचा. फुगा फुटला की कानफटीत. फुगा न फुटता फेस उतरायला लागला की समजायचं, पोराला दाढी करता यायला लागली. मी सहज बोलून गेलो, रडगाणं म्हणून. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाई हजर, हातात फुग्यांची भलीमोठी पिशवी. दुकानदारानं म्हणे विचारलं, कितवा वाढदिवस. केंद्रात पात्याला बंदी होती, वस्तरा ऑफिसच्या कपाटात कुलपात असायचा. बाईंनी तो स्वतः काढून आणला, किल्ली कमरेला खोचली आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. पहिला फुगा फुटला तेव्हा ऊसतोडीवाला खाटेखाली गेला. दुसरा फुटला तेव्हा स्वैपाकिणीच्या हातातली वाटी पडली. पहिल्या दिवशी मी सात फोडले. प्रत्येक वेळी फेस बाईंच्या तोंडावर उडायचा, त्या पदरानं पुसायच्या आणि पुढचा फुगवायला घ्यायच्या. फुगवायच्या त्याच, कारण माझ्या छातीत तेवढा दम नव्हता. सातवा फुटल्यावर मी वस्तरा खाली ठेवला आणि म्हणालो, की बाई, माझा धंदा संपला. बाईंचं तोंड फुगवून फुगवून लाल झालं होतं. त्या म्हणाल्या, "उद्या दहा वाजता बघू."

हे रोज चाललं. केंद्रातली माणसं बिस्किटांच्या पैजा लावायला लागली. डॉक्टरसुद्धा जाता-येता विचारायचे, आज किती. आणि केंद्रातून घरी जायच्या दोन दिवस आधी एक निळा फुगा माझ्या हातात सबंध राहिला. गुळगुळीत, फेसाचा ठिपका नाही. मला रडू फुटलं. बाईंनी तो फुगा घेतला आणि आपल्या ऑफिसच्या खिळ्याला टांगला. पुढं तो सुकून बोरासारखा झाला, तरी त्यांनी काढला नाही, असं मी ऐकतो.

घरी येताना त्यांनी नियम सांगितला. रोज दहाला मिस्ड कॉल. मी उचलणार नाही, दोन रिंगांवर कापीन. कापला की समजायचं, पोचलं. आता उद्या दहापर्यंत. एवढंच. मला वाटलं, हे काय अवघड. पण कितीतरी सकाळी मी केवळ त्या दोन रिंगांसाठी थांबलो आहे, हे खरं. ऊसतोडीवाला तर पुढं फडात असायचा, जिथं रेंज नाही, तर तो दहाला उसाच्या ट्रॉलीवर चढून उभा राहायचा. मुकादम ओरडायचा, पण हा कॉल कापला गेल्याशिवाय खाली उतरायचा नाही.

एकदा काय झालं, रात्रभर लाईट नव्हती, फोन बंद पडला, आणि दहा कधी वाजून गेले ते माझ्या ध्यानातच आलं नाही. मंगल खुरपायला गेली होती, तिचाही फोन घरीच. दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच, मी माझ्याच खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. दुपारी एकच्या सुमाराला आरशात पांढरे बूट दिसले. बाई दारात उभ्या. नगर रोडहून दोन एसट्या बदलून आलेल्या. काय झालं, कुठं होतात, काही विचारलं नाही. म्हणाल्या, चहा सांगा. मी समोरच्या हॉटेलातून चहा आणला, आणि आणताना मला समजलं की कप काठोकाठ भरायला हवा. रस्ता ओलांडून आणला. बाईंनी बशीत डोकावलं. कोरडी होती. त्यांनी चहा संपवला, "फोन चार्ज करत जा" म्हणाल्या आणि परतीची गाडी धरायला निघाल्या. मी त्यांच्या आखूड-लांब केसांकडं बघत दारात उभा राहिलो. एवढ्या लांबून ही बाई एक बशी बघायला आली होती, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

पण दारू सुटली म्हणून खुर्ची भरत नाही. म्हातारेकोतारे केस कापायला यायचे, कैचीपर्यंत ठीक, वस्तरा काढला की "दाढी राहू दे" म्हणून उठायचे. वस्तऱ्याखाली मान द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि ज्या न्हाव्याला गाव मान देत नाही तो न्हावी कसला. असं दोन वर्षं चाललं. मग एक दिवस दुकानात त्या नवरदेवाची आई आली. आता ती आजी झाली होती. नातवाचं जावळ काढायचं होतं. पिढीची रीत मोडायची तिची तयारी नव्हती आणि नातवाचं डोकं माझ्या हातात द्यायचीही नव्हती. दोन्ही तिनं मला तोंडावर सांगितलं. मग म्हणाली, की तुझी ती बाई कोण हाय तिचा नंबर लाव. मी लावला; दहाची वेळ नव्हती, म्हणून बाईंनी उचलला. आजीनं फोन घेतला आणि सरळ विचारलं, "बाई, ह्याच्या हातात लेकरू देऊ का? तुमी गॅरंटी घेता का?" बाई म्हणाल्या, "मी फक्त दहापर्यंतची घेते." आजीनं जरा विचार केला. "मंग नवाला ठिवू," ती म्हणाली.

त्या आठवड्यात मी रोज घरी फुगे फुगवून त्यांच्यावरचा फेस उतरवला. माझं जे काही होतं ते त्या एका सकाळीवर होतं. नीट झालं तर गावाची मान परत मिळणार होती, आणि त्या डोक्यावर मोहरीएवढा जरी ओरखडा उठला असता, तर दुकान तर गेलंच असतं, मीही संध्याकाळी कुठं असतो ते मला सांगवत नाही.

नऊला सगळे जमले, बाईसुद्धा पहिल्या गाडीनं आल्या. पण बाळ झोपलेलं. झोपलेलं लेकरू उठवायची कुणाची छाती होईना. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, आणि मामा कर्जतहून मोटरसायकलवर यायचा, तोही पोचेना. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. मामा आला, त्यानं मला पाहिलं, वस्तरा पाहिला, भाऊजींच्या उजव्या गालावरचा वण पाहिला आणि आपल्या पायाला गाडीवर मुंग्या आल्यात असं जाहीर करून तो लांब ओट्यावर जाऊन बसला. बाळ उठलं तेव्हा दहाला पाच कमी होते. आजी घड्याळाकडं बघत म्हणाली, "बाई, धा वाजलं की तुमची गॅरंटी सरली." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "हो, सरली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बाळाच्या आईकडं पाहिलं आणि विचारलं, मामा नाही तर मावशी चालेल का. ती पोरगी अल्बममध्ये एकटीच समोर बघत होती ना, ती हीच. तिनं बाळाचं टोपडं काढलं. मग बाळ बाईंच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "माझ्या लग्नाचा एक बी फोटू सरळ न्हाई. आज नीट व्हऊ द्या."

मी कोमट पाण्यानं जावळ भिजवलं. नवं पातं घातलं. हात पुढं नेला आणि मला दिसलं की बोटं हलतायत. फार नाही. पण न्हाव्याला दिसतं. भिंतीवर दहा वाजले होते. मी वस्तरा ताटात ठेवला, खिशातून फोन काढला आणि दोन हातांवर समोर बसलेल्या बाईंना मिस्ड कॉल लावला. लागेना. दहाची वेळ, सगळ्यांचीच. बाईंच्या पिशवीत फोन वाजत होता, तो दुसऱ्याच कुणाचा तरी. बाईंनी बाळाला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं फोन बाहेर काढला, कापला, तोवर पुढचा. मी पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. मागं कुणीतरी कुजबुजलं. आजीनं विचारलं, हे कोण एवढे. बाई म्हणाल्या, "दिगंबररावांचे भाऊबंद." तिसऱ्यांदा लागला. त्यांच्या हातातल्या फोनवर माझं नाव आलं, एक रिंग झाली, दुसरी झाली, आणि माझ्या डोळ्यांत बघत बाईंनी फोन कापला. मग आजीकडं वळून म्हणाल्या, "आता उद्या दहापर्यंत."

मी वस्तरा उचलला. हात थांबला होता, आणि या खेपेला तो काही घेऊन थांबलेला नव्हता. बाईंनी फोन बाळासमोर धरला होता. कॉल येतच होते. दोन रिंगा वाजायच्या, उजेड पडायचा, बाई कापायच्या, आणि आता पुन्हा कधी वाजतो म्हणून ते लेकरू डोळे मोठे करून फोनकडं बघत निश्चल बसायचं. कुठून कुठून येत होते ते कॉल. कुणी फडातून, कुणी बाजार समितीतून, कुणी कारखान्याच्या गेटवरून. त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं की आपण एका न्हाव्यासाठी लेकरू खेळवतोय. शेवटची बट उतरली तेव्हा ते डोकं त्या निळ्या फुग्यासारखं गुळगुळीत होतं. आजीनं त्यावर तळवा फिरवला, मग पुन्हा फिरवला. नवरदेव तिथल्या तिथं खाली बसला, आपल्या वण पडलेल्या गालाला हात लावला आणि म्हणाला, "आता माझी बी करून टाका." मामाच्या पायाच्या मुंग्याही तेवढ्यात गेल्या. मी बाईंच्या पाया पडायला वाकलो तर त्या म्हणाल्या, बाळाचे केस साडीवर पडलेत, ते आधी झटका.

त्या दिवशी मी त्यांना एक विनंती केली होती. म्हणालो, बाई, आता तरी तुमचे केस मला सारखे करू द्या, मला बघवत नाही. त्या म्हणाल्या, आधी उद्याचे दहा वाजू द्या. त्यानंतर दरवर्षी मी विचारायचो आणि दरवर्षी हेच उत्तर. आता बाई निवृत्त होऊन बेलापूरला भावाच्या मळ्यात राहतात. केंद्रात नवे समुपदेशक आले आहेत, चांगले आहेत. मागच्या दिवाळीत फराळ घेऊन बेलापूरला गेलो. केस सगळे पांढरे झालेले, डावी बाजू अजून आखूड. सवयीनं विचारलं, आणि बाई "बरं, कापा" म्हणाल्या. हत्यारांची धोकटी बरोबर होतीच. अंगणात खुर्ची टाकून मी त्यांचे केस सारखे केले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातून झालं आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी वाईटच वाटलं. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा बूट नव्हते पायांत, आणि चालणं हळू झालं होतं. बशीत मी मुद्दाम पाहिलं नाही.

दुकान आता बरं चालतं. दहा वाजले की गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस असला तरी मी वस्तरा खाली ठेवतो. नेहमीच्या गिऱ्हाइकांना माहीत आहे, ती डोळे मिटून थांबतात. मी फोन कानाला लावतो. पूर्वी दोन रिंगांवर कापायच्या. मागच्या वर्षी तीन व्हायला लागल्या. हल्ली चार होतात, कधी पाच. खाटेवरून उठून फोनपर्यंत यायला वेळ लागत असणार. परवा सहा झाल्या. मी आरशासमोर उभा होतो, गिऱ्हाइकानं एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला. सातवी व्हायच्या आत कापला. मी वस्तरा उचलला.